सुप्रभाने पकडलेली चोरी

सुप्रभा दातारला आपण चुकलो हे कबूल करणं जड जायचं, आणि आकड्यांच्या बाबतीत तर अशक्यच. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं, अशी एकूण सात वर्षं तिने भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळलं होतं. नट, बोल्ट, वॉशर, ऑइल सील. प्रत्येक खणाला एक कार्ड, आणि कार्डावरचा आकडा खणातल्या मालाशी जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर ही बाई डबा उघडायची नाही. माल कमी भरला की साहेब लोकांना पहिला संशय यायचा कामगारांचा, दुसरा वॉचमनचा, आणि सुप्रभा चार दिवस कागद चाळून सिद्ध करायची की मुळात चलनच चुकीचं होतं. कामगार तिला मानायचे, साहेब तिला टरकायचे.

मग नवऱ्याला, विजयकुमारला, जपानचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं आणि बाई पाच वर्षांच्या नेत्राला घेऊन ग्योतोकुला आली. पहिली तीन वर्षं तिने घर सांभाळलं, कचरा वेगवेगळ्या वारी वेगवेगळ्या पिशव्यांत टाकायला शिकली, आणि कंटाळली. शेवटी स्टेशनजवळच्या सुपरमार्केटात तिला पातोचं, म्हणजे तासावारी काम मिळालं. तेही तयार पदार्थांच्या विभागात. जन्मात अंड्यालासुद्धा न शिवलेली ही बाई रोज सकाळी नऊपासून चिमट्याने कोंबडीचे तुकडे तळायची. सासूबाईंना फोनवर मात्र ‘मी भाज्यांकडे असते’ असं सांगायची. नऊ वर्षं सांगत आली. वेळ पडली की खोटं बोलायला तिची जीभ अडखळत नसे, आणि यात तिला काही वावगंही वाटत नसे.

या नऊ वर्षांत तिला तिथे टिकवलं ते त्याच तळणीवरच्या ओकुदा-साननी. ओकुदा-सान आता अडुसष्ट वर्षांच्या होत्या. बारीक अंगाच्या, पाठीतून थोड्या वाकलेल्या, आणि बोलायला भलत्याच मऊ. तेल किती तापलं हे पिठाचा थेंब टाकून कसं ओळखायचं, हे त्यांनी शिकवलं. गिऱ्हाईक ओरडलं तर किती वाकायचं, हेही त्यांनीच. नेत्राच्या शाळेतून रोज एक कागद यायचा, तो सुप्रभा पिशवीत घालून आणायची आणि सुट्टीच्या पंधरा मिनिटांत ओकुदा-सान एकेका ओळीवर बोट ठेवून सोप्या जपानीत तो समजावायच्या. स्वतः न जेवता. मुलगी त्या कागदांच्या जोरावर शिकली म्हटलं तरी चालेल.

आणि त्या खाऊ आणून द्यायच्या. सुप्रभाची पाळी अडीचला संपायची, ओकुदा-सानची चारला. घरी जाताना त्या सायकल थांबवून सुप्रभाच्या दाराच्या मुठीला पिशवी अडकवून जायच्या. बेलही वाजवायच्या नाहीत. आपल्याकडे आलं त्यातलं थोडं शेजारच्याला द्यायचं, याला जपानी लोक ओसुसोवाके म्हणतात. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, तसलाच प्रकार. पिशवीत बहुतेक भोपळ्याची कोरोक्के असायची, कारण त्यात मांस नसतं हे ओकुदा-साननी पहिल्याच आठवड्यात लेबल वाचून पाहिलेलं होतं. कोरोक्के म्हणजे जपान्यांचा बटाटावडा, फक्त मिरचीला घाबरून केलेला. दिवाळीत सुप्रभा त्यांना चकल्या आणि बेसनाचे लाडू पाठवायची. लाडू त्या एकेक करून पंधरा दिवस पुरवायच्या.

ती कोरोक्के कुठून येतात, हे सुप्रभाने कधी विचारलं नाही. डब्यावर दुकानाचं लेबल असायचं आणि त्यावर मुदत संपायची वेळ, त्याच दिवशी दुपारी चार. कामगारांना खरेदीवर थोडी सूट मिळते, त्यात घेतली असतील, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. एक वॉशर कमी भरला तरी चार दिवस न जेवणारी बाई, पण हे तिने विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात मुख्य कचेरीतून हातात धरायची नवी यंत्रं आली. तोवर चार वाजता मुदत संपलेला माल काढताना अंदाजाने लिहायचे: कोरोक्के, एक ट्रे. आता एकेका डब्याचं लेबल यंत्राने वाचायचं, डबा पिवळ्या पिशवीत टाकायचा, पिशवी बांधायची आणि फोटो काढायचा. जे विकलं गेलं नाही आणि यंत्राने वाचलंही नाही, ते हरवलं. आणि दुकानाच्या बोलीत हरवलेल्या सगळ्याला एकच नाव होतं: मान्बिकी, म्हणजे उचलेगिरी.

झालं. दर महिन्याला मोजणी व्हायची आणि दर महिन्याला तूट वाढलेली दिसायची. तेन्चो, म्हणजे दुकानाचे मुख्य, सकाळच्या बैठकीत घसा खाकरून सांगायचे, ‘मान्बिकी वाढली आहे. वस्तीही बदलली आहे. सर्वांनी लक्ष ठेवा.’ वस्ती बदलली म्हणजे काय, ते कोणी विचारायचं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या काही वर्षांत ग्योतोकुच्या फलाटावर संध्याकाळी मराठी, तेलुगू, हिंदी ऐकू यायला लागली होती. तेन्चो बोलताना सुप्रभाकडे बघायचे नाहीत, आणि न बघण्याचा त्यांचा प्रयत्न सगळ्यांना दिसायचा.

मग पाट्या आल्या. जपानी पाटीवर लिहिलं होतं, ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.’ चिनी, व्हिएतनामी, नेपाळी आणि हिंदी पाटीवर लिहायचं होतं, ‘चोरी हा गुन्हा आहे. पोलिसांना बोलावलं जाईल.’ हिंदी पाटी लिहिण्याचं काम अर्थातच सुप्रभाकडे आलं. आणि या बाईने ती लिहिली हो! निगुतीने, सुवाच्य अक्षरात, वर रेघ मारून. घरी आणून नेत्राला दाखवलीसुद्धा.

नेत्राने पाटी वाचली आणि जपानीत म्हणाली, “कोरे, हिदोइ यो.” हे फार वाईट आहे.

“अक्षर?”

“अक्षर नाही, आई,” एवढं नेत्रा मराठीत बोलली आणि खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाटी भिंतीला लागली. ओकुदा-साननी तिच्याकडे बघितलं, अक्षर छान आहे म्हणाल्या, आणि पटकन तेलाकडे वळल्या.

पाट्यांमागून कॅमेरे आले. एकदा पकडलेल्याचा चेहरा त्यात भरून ठेवला की तो माणूस पुन्हा दारात पाऊल टाकताच आतल्या खोलीत घंटी वाजायची. आणि कॅमेऱ्यांमागून आली साध्या कपड्यातली पहारेकरीण, हातात टोपली घेऊन गिऱ्हाइकासारखी फिरणारी. तिला रोज काहीतरी सापडायला हवं होतं. नाहीतर तिला ठेवायचं कशाला? शोधायला माणूस नेमला की शोधलेलं वाढतं, आणि शोधलेलं वाढलं की आणखी माणूस नेमावा लागतो. ती टोपली जीन्स-कुर्त्याच्या मागे जेवढी फिरायची तेवढी इतर कोणाच्या मागे फिरत नाही, हे तळणीच्या खिडकीतून सुप्रभाला दिसायचं. ती पुढचा घाणा तेलात सोडायची.

नोव्हेंबरात एका मंगळवारी तिला केसांच्या जाळीसकट आतल्या खोलीत बोलावलं. दुभाषी हवा होता. खुर्चीवर अश्लेषा बसली होती. सुप्रभाच्याच इमारतीतली, अठ्ठावीस वर्षांची, नाशिकहून येऊन पाच महिने झालेली, मांडीवर आठ महिन्यांचं मूल. टेबलावर चीजचं एक पाकीट होतं. बाबागाडीच्या खालच्या जाळीत, लंगोटांच्या पुड्याखाली ते सापडलं होतं. बाकी सगळ्याचे पैसे दिलेले, याचे नाहीत.

“सुप्रभाताई, मी विसरले हो. बाळ रडत होतं म्हणून एका हातानं खाली टाकलं. आईशप्पथ विसरले. सांगा ना यांना.”

सुप्रभाने सांगितलं. तेन्चोंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि कागद पुढे केला. चूक कबूल, पुन्हा या दुकानात येणार नाही, चेहऱ्याचा फोटो ठेवायला हरकत नाही. सुप्रभाने तो कागद ओळीवर बोट ठेवून, सोप्या मराठीत समजावून सांगितला. अश्लेषाने सही केली. फोटोच्या वेळी मूलही चौकटीत आलं, म्हणून पहारेकरणीने त्याला जरा बाजूला धरायला सांगितलं.

अश्लेषा खरं बोलत होती का? सुप्रभाला खात्री नव्हती. हे तिने कोणालाच सांगितलं नाही, पण ते तिला टोचत राहिलं. आपल्या इमारतीतली पोर, ताई म्हणणारी, आणि आपल्याच मनात पहिली शंका यावी! तिला स्वतःचा राग आला, आणि स्वतःवरचा राग काढायला माणसाला नेहमीच दुसरं कोणीतरी लागतं.

रात्र व्हायच्या आत बातमी बायकांच्या ग्रुपवर पोचली. पन्नास-साठ जणींचा ग्रुप. एरवी कढीपत्ता कुठे मिळतो यापलीकडे चर्चा नाही. त्या दिवशी आगच लागली. कोणी म्हणालं त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. कोणी म्हणालं चोरी वगैरे काही वाढलेली नाही, आपण डोळ्यांवर आलोय एवढंच. चैत्राली म्हणाली, जपानी म्हातारे-कोतारेच जास्त उचलतात, तिने टीव्हीवर ऐकलंय. विद्या दोनशे छत्तीस नंबरमधली, जपानात सर्वांत जुनी आणि त्याचा तोरा मिरवणारी. तिने लिहिलं, “आपण दहा होतो तेव्हा असलं काही नव्हतं. हजार झालो की त्यात चार तशा असणारच. उगाच सगळं अंगावर घेऊ नका.” त्यावर सत्तर उत्तरं आली. पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता. जी ती उचलली जीभ लावली टाळ्याला.

सुप्रभाने लिहिलं, “चोरी वाढलीय की नाही, ते मी सांगते. पंधरा दिवस द्या.”

विजयकुमारने तो संदेश वाचला आणि कपाळाला हात लावला. “तू कशाला यात पडतेस? आपली पीआरची फाईल आत आहे, सुप्रभा. नेत्राची ॲडमिशन, घराचं लोन, सगळं त्याच्यावर आहे. या वर्षी माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होईल की नाही, मला माहीत नाही.”

पीआर म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना. अर्ज करून आठ महिने झाले होते. कोणाच्याही नावावर पोलिसांचा एक कागद निघाला की संपलं, असं सगळे म्हणत. नेत्रा पाचव्या वर्षी आलेली. तिला मराठी धड लिहिता येत नव्हतं. परत जायचं म्हणजे तिने जायचं कुठे?

“मी चोरी करत नाहीये, चोरी मोजतेय,” सुप्रभा म्हणाली. “मोजायला कसली भीती?”

तेन्चो दर महिन्याची तूट विभागवार लिहून कामगारांच्या खोलीत लावायचे, सर्वांना लाज वाटावी म्हणून. लाज कोणाला वाटली नाही, पण मागचे कागद काढून टाकायची तसदीही कोणी घेतली नव्हती. एकावर एक तीन वर्षांचे कागद एकाच टाचणीला. सुप्रभाने दहा दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून ते वहीत उतरवले. कितीतरी वर्षांनी तिला भोसरीत असल्यासारखं वाटत होतं. हात सरसर चालत होता. ओकुदा-सान शेजारी बसून डबा खायच्या, एकदा त्यांनी विचारलं, “नेत्रा-चानचा अभ्यास?” सुप्रभा म्हणाली, “नाही, माझा.” त्या हसल्या.

आणि सापडलं. माणूस चोरतो ते काय? दारू, दाढीची पाती, क्रीमच्या बाटल्या, चीज, महागाचे मासे. लहान आणि महाग. त्या सगळ्यांची तूट तीन वर्षांत जवळपास होती तिथेच होती, म्हणजे भारतीय हजार झाल्यावरही तीच. वाढली होती ती एकाच विभागात: तयार पदार्थ. कोरोक्के, तळलेलं वांगं, बटाट्याची कोशिंबीर. गरम, तेलकट, वास येणारी, खिशात न मावणारी, शंभर-दीडशे येनची वस्तू कोण उचलतो? आणि वाढ सुरू झाली ती बरोब्बर यंत्रं आली त्या महिन्यापासून. म्हणजे चोरी वाढली नव्हती, मोजणी बदलली होती. काढून टाकलेला माल यंत्राने वाचायचा राहत होता आणि बोंब गिऱ्हाइकांच्या नावाने होत होती. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं.

ती इतकी खूश झाली की पुढचा प्रश्न तिला सुचलाच नाही. वाचायचा राहत होता तर कोणाकडून? भोसरीत हाच प्रश्न तिने पहिला विचारला असता.

सोमवारी तिने वही तेन्चोंसमोर ठेवली. सुबक रकाने, लाल रेघा, खाली जपानीत तीन वाक्यं. तेन्चोंनी पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, मग चष्मा काढून पुन्हा पहिलं बघितलं. “नारुहोदो,” ते म्हणाले. असं आहे तर. मग उठून ते तिच्यापुढे वाकले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. “सुपुराबा-सान, तुम्ही फार महत्त्वाचं काम केलंत.”

“मग अश्लेषा-सानचा फोटो?” तिने विचारलं.

“ते पाहू,” तेन्चो म्हणाले.

घरी येऊन तिने ग्रुपवर सगळं टाकलं. हातांचे आणि फुलांचे ढीग पडले. विद्यासुद्धा ‘वेल डन’ म्हणाली, म्हणजे बघा. नेत्राने वही उलटून पाहिली आणि चक्क मराठीत म्हणाली, “आई, तू भारी आहेस.” सुप्रभाने ते वाक्य दोन दिवस तोंडात गोळी ठेवावी तसं ठेवलं.

तीन आठवडे काहीच झालं नाही. म्हणजे झालं ते तिला दिसलं नाही. तेन्चोंनी तूट कोणत्या दिवसांची आहे ते पाळ्यांच्या तक्त्याशी लावून पाहिलं, आणि मागच्या खोलीत, पिवळ्या पिशव्यांच्या वर, एक बारीक कॅमेरा बसवला.

डिसेंबरच्या मध्यात ओकुदा-सान कामावर आल्या नाहीत. सुप्रभा एकटीच तळत होती. अकराला तिला बोलावणं आलं.

आत तेन्चो होते आणि मुख्य कचेरीतला एक तरुण माणूस, समोर लॅपटॉप. पडद्यावर ओकुदा-सान वरून दिसत होत्या. टाळूवरचे केस विरळ झालेले. त्या एक डबा वाचत होत्या आणि पिशवीत टाकत होत्या, दुसरा वाचत होत्या आणि टाकत होत्या, तिसरा न वाचता ॲप्रनखाली ठेवत होत्या. मग आणखी एक. घाई नाही, लपवाछपवी नाही. ॲप्रन सारखा करून त्या हात धुवायला गेल्या.

तरुण माणसाने सगळं नीट सांगितलं. गेल्या वर्षी ओकुदा-सानच्या नवऱ्याला पक्षाघात झाला होता. तेव्हापासून प्रमाण वाढलेलं दिसतं. त्याआधीही सवय होती, बहुधा पुष्कळ वर्षांची. जुने तेन्चो काणाडोळा करत. टाकून द्यायचा माल असला तरी तो कंपनीचा माल आहे, आणि तो घरी नेणं ही चोरीच. ओकुदा-साननी सगळं कबूल केलं आहे. वय बघता पोलिसांत द्यायचं नाही असं ठरलं आहे. मात्र आणखी कोणी यात असेल, तर ते प्रकरण वेगळं होईल.

कुंपणच शेत खात होतं, आणि ते कुंपण दाखवून दिलं होतं सुप्रभाने.

“तुम्ही दोघी जवळच्या होतात,” तरुण माणूस म्हणाला. आवाज अगदी सभ्य. “तुम्हाला याची कल्पना होती का?”

“नाही.”

“त्यांनी तुम्हाला कधी काही दिलं का? दुकानातलं?”

दाराच्या मुठीला अडकवलेल्या पिशव्या आठवायला तिला क्षणसुद्धा लागला नाही. नऊ वर्षं, आठवड्यातून एक-दोनदा. डब्यावरची चारची वेळ. फाईल आत होती. नेत्रा होती. घराचं लोन, कॉन्ट्रॅक्ट, पोलिसांचा एक कागद. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली. खरं तर काहीच गेलं नाही. जीभ आपोआप वळली, सासूबाईंशी बोलताना वळायची तशी.

“नाही,” ती म्हणाली. “कधीच नाही.”

तिने तसं लिहून दिलं आणि खाली सहीऐवजी नावाचा शिक्का उमटवला.

शुक्रवारच्या बैठकीत तेन्चोंनी जाहीर केलं की आपल्या दुकानात मान्बिकी वाढलेली नाही. कारण अंतर्गत होतं आणि ते दूर झालं आहे. सुपुराबा-सानच्या दक्षतेमुळे. टाळ्या वाजल्या, पण हातांत हातमोजे होते त्यामुळे आवाज फारसा झाला नाही. पाट्या राहिल्या. पहारेकरीणही राहिली; तिचा करार मार्चपर्यंत होता. अश्लेषाच्या फोटोबद्दल सुप्रभाने पुन्हा विचारलं, तेव्हा तेन्चोंना खरोखर आश्चर्य वाटलेलं दिसलं. “पण ते चीज बाबागाडीत होतंच ना?” ते म्हणाले. आता कॅमेऱ्याच्या यादीत ओकुदा-सानचाही चेहरा होता. अठरा वर्षं ज्या दारातून त्या कामाला आल्या, त्या दारात घंटी वाजणार होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं सुप्रभा आधी ग्रुपवर लिहीत होती. आता तिने ग्रुपवर लिहिणंच बंद केलं. विजयकुमारला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तू दुसरं काय बोलणार होतीस?” त्याने आपल्याला झापायला हवं होतं, असं तिला वाटलं. तो आपल्या बाजूने बोलला याचीच तिला चीड आली.

सहा दिवस तिला धड झोप नव्हती. सातव्या दिवशी, रविवारी दुपारी, ती सायकल घेऊन निघाली. काय बोलायचं ते तिने जपानीत पाठ केलं होतं. उद्या मी तेन्चोंना सांगते. मीही घेत होते, इतकी वर्षं. तुम्ही एकट्या नव्हतात. नदीच्या बांधाजवळच्या जुन्या सरकारी इमारतीत, लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर ओकुदा-सान राहत. नऊ वर्षांत सुप्रभा त्यांच्याकडे कधी गेली नव्हती. देणं नेहमी त्यांच्याकडूनच येत होतं, दारापर्यंत.

ओकुदा-साननी दार अर्धं उघडलं. आत औषधांचा आणि उकडलेल्या भाताचा वास होता. त्यांनी तिला पाहिलं, आणि त्या वाकल्या. इतक्या खाली, की सुप्रभाला त्यांची टाळू दिसली, पडद्यावर दिसली होती तशी.

“सुपुराबा-सान, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला. क्षमा करा.”

“ओकुदा-सान, मी—”

“मी तुमचं नाव घेतलेलं नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, मागे वळून बघत, आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून. “सगळं आम्ही दोघांनीच खाल्लं असं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं. तुम्ही काळजी करू नका.”

सुप्रभाचं पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. “उद्या मी जाऊन...”

“नको.” ओकुदा-साननी तिचा हात धरला. त्या कधी कोणाला हात लावत नसत. “तुम्ही बोललात तर माझं काम परत येणार नाही. फक्त नेत्रा-चानचं इथलं राहणं जाईल. ती इथलीच मुलगी आहे.” मग त्या म्हणाल्या, “ती वही तुमची होती ना? तुम्ही शेजारीच बसून लिहीत होतात.”

“हो.”

“बरोबरच केलंत. त्या बाळाच्या आईला फार वाईट वाटलं असणार. इतकी माणसं संशयात आहेत ती माझ्यामुळे, हे मला कळलंच नव्हतं. टाकायचंच आहे, मग कोणाचं काय जातंय, असं वाटायचं.”

आत खाटेवरून कोणीतरी हाक मारली. नीट शब्द नव्हता, नुसता आवाज. ओकुदा-सान “आले” म्हणाल्या. आता इथे येऊ नका, असंही त्या म्हणाल्या, दुकानातलं कोणी पाहिलं तर तुमच्यावर शंका येईल.

हीच ती वेळ होती. सुप्रभाला ते ठाऊक होतं. नाही, मी सांगणारच, एवढं म्हणायचं होतं. जपानीत चार शब्द, पाठ केलेले.

“आरिगातो गोझाइमासु,” ती म्हणाली. तिने आभार मानले आणि वाकली, किती वाकायचं ते याच बाईंनी शिकवलं होतं तेवढी. दार हलकेच बंद झालं.

जिना उतरताना तिला हायसं वाटत होतं. छातीवरचा सहा दिवसांचा दगड उतरला होता, श्वास मोकळा येत होता, भूकही लागली होती. पहिल्या मजल्यावर तिच्या ते लक्षात आलं आणि ती तिथेच पायरीवर बसली. कोणीतरी वर जाणारं थांबलं, बरं वाटत नाही का, म्हणून विचारलं. सुप्रभा म्हणाली, नाही, मी ठीक आहे. आणि ते खरं होतं.